डोंगरांतील गजबजलेलें गांव



उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं घरोघरीं एक प्रश्न निघतो: यंदा जावयाचें कोठें? आमच्या लहानपणीं या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें असे. मुलांनीं मामाच्या गांवीं जावें, आंबे खावे, विहिरींत डुंबावें आणि शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशीं गुडघे फोडून घरीं यावें. आतां मामाहि आपल्याच शहरांत तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि त्याच्याकडे विहीर नाहीं. तेव्हां मुलांची दृष्टि हिमालयाकडे वळली तर त्यांत नवल नाहीं. त्यांना नुसतें थंड हवेचें ठिकाण नको असतें. बांकावर बसून सूर्यास्त पाहणें हें त्यांच्या मतें आमच्यासारख्यांचें काम. त्यांना बर्फावर चालावयाचें असतें, रबरी तराफ्यांत बसून नदीच्या उसळत्या पाण्यावरून जावयाचें असतें, कापडी पंखाच्या आधारानें हवेंत तरंगावयाचें असतें. आणि संध्याकाळीं परत आल्यावर बाजारांत दिवे, माणसें आणि गरम खाणेंहि हवें असतें. म्हणजे डोंगर हवा आणि गजबजहि हवी.

ही मागणी ऐकून वडील माणसें कपाळाला आठ्या घालतात. मींहि घातल्या होत्या. परंतु दोन वर्षांपूर्वीं माझी नात दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली, आणि तिला दिलेल्या वचनामुळें मला या प्रश्नाचा थोडा अभ्यास करावा लागला. त्या अभ्यासांत माझें मत कसें बदललें, एवढेंच आज आपणांस सांगावयाचें आहे. मी गिर्यारोहक नव्हें, हें आधींच सांगून टाकतों. मी एक निवृत्त शिक्षक. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि त्यावर शिक्षकाचा अभ्यासक्रम. तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना भूगोल शिकविला, हिमालय नकाशावर तपकिरी रंगानें रंगवून घेतला. स्वतः मात्र तो पाहिला नव्हता.

आमच्या घरांत प्रथम झाली ती चूक सांगतों, कारण ती पुष्कळ घरांत होत असावी. आम्ही गांवाची उंची पाहूं लागलों. नातीनें कागदावर नांवें मांडलीं: दार्जिलिंग, उत्तरकाशी, हृषीकेश, बीर, मनाली, लेह. प्रत्येकापुढें उंचीचा आंकडा. ज्याचा आंकडा मोठा तें गांव उत्तम, असा तिचा हिशेब. त्या हिशेबानें लेह पहिलें आलें. त्याची उंची सुमारें ११,५०० फूट. हृषीकेश तळाला गेलें, कारण गंगा तेथें डोंगर सोडून मैदानांत उतरते आणि गांवाची उंची हजार-बाराशें फुटांच्या घरांत आहे.

आतां आपल्या महाराष्ट्राचें सर्वांत उंच शिखर म्हणजे कळसूबाई. उंची ५,४०० फूट. दमूनभागून शिखरावरील देवीच्या देवळापाशीं पोहोंचलें म्हणजे आभाळ हाताला लागल्यासारखें वाटतें. मनालीचा बाजार त्याहून हजारावर फूट उंच आहे, आणि तेथें भाजीवाले व शिंपी आपापला धंदा करीत बसलेले असतात. लेह तर कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. हा केवळ आंकड्यांचा खेळ नव्हें. आठ हजार फुटांच्या वर हवा विरळ झाल्याची तक्रार शरीर करूं लागतें. डोकें दुखतें, झोंप लागत नाहीं, अन्न नकोसें होतें. तिकडे दुर्लक्ष करून वर चढत राहिल्यास फुप्फुसांत किंवा मेंदूंत पाणी सांचून माणूस दगावतो. यावर उपाय साधा आहे आणि त्यास पैसे पडत नाहींत: शरीराला वेळ द्यावा, व त्रास वाढूं लागतांच खालीं उतरावें. दहा हजार फुटांच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज दीड हजार फुटांहून अधिक वाढवूं नये, आणि तीन-चार दिवसांनीं एक दिवस विसांवा घ्यावा, असें या विषयांतील डॉक्टर सांगतात. दिल्लीहून विमानानें लेहला उतरणारा मनुष्य तासा-दीड तासांत मैदानावरून साडेअकरा हजार फुटांवर जातो. त्यानें पहिले दोन दिवस अंथरुणाशीं सलोखा ठेवावा हें बरें. आमची सुटी नऊ दिवसांची. त्यांतले दोन दिवस निजून काढण्यास नात तयार होईना, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी तिची आजी लेहचें नांव ऐकतांच देवाला नमस्कार करूं लागली. लेह यादींतून गेलें.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलों. म्हटलें, एखादें शांत खेडें पहावें. नदीकांठीं तंबू, वर देवदार, माणसांची वर्दळ नाहीं. ही आवड माझ्या वयाला शोभणारी होती. परंतु आमच्या सूनबाईंनीं भाजी निवडतां निवडतां दोन प्रश्न विचारले. ‘‘बाबा, तिथें पोरीचा पाय मुरगळला तर क्ष-किरणाचें छायाचित्र कुठें काढायचें? आणि पाऊस लागून दोन दिवस बाहेर पडतां आलें नाहीं तर आईंनीं काय करायचें?’’

या दोन प्रश्नांनीं गजबजलेल्या गांवाविषयींची माझी अढी बरीचशी गेली. गर्दी ही मला आजवर केवळ उपद्रव वाटत असे. पण जेथें माणसें पुष्कळ येतात तेथें दवाखाना असतो, औषधांचें दुकान रात्रीं उशिरापर्यंत उघडें असतें, बर्फांतले बूट व गरम कपडे भाड्यानें मिळतात, आणि एक मोटार बिघडली तर दुसरी मिळते. घरांतलीं सर्वच माणसें डोंगर चढणारीं नसतात. एकीनें बर्फावर जावें आणि बाकीच्यांनीं खोलींत बसून तिची वाट पहावी, ही सुटी नव्हें, ती शिक्षा होय. शिवाय साहसाच्या सुटींत दर दोन दिवसांआड एक दिवस कांहींहि न करण्याचा ठेवावा लागतो. तो दिवस आनंदानें घालविण्यास गांव लागतें.

एवढें झालें तरी मुख्य प्रश्न राहिलाच होता. गजबजलेलीं गांवें हिमालयांत पुष्कळ आहेत. त्यांतलें एक निवडावयाचें तें कशावरून? येथें मला माझी एक जुनी गोष्ट सांगणें भाग आहे.

पंचवीस वर्षांपूर्वीं मी शाळेचीं चाळीस मुलें घेऊन राजगडावर गेलों होतों. दिवस श्रावणाचे. पायथ्याच्या गुंजवणें गांवांत एक म्हातारे शेतकरी ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, ‘‘मास्तर, आज चोरदरवाज्यानं पोरं नेऊं नका. कातळ शेवाळलाय. लई तर खालच्या देवळांत बसवा, भाकरी खावा आणि माघारी जावा.’’ मीं त्यांना नमस्कार केला आणि मुलें वर नेलीं. मी भूगोलाचा शिक्षक. गडाची उंची, खडकाचा प्रकार, पावसाचें मान सारें मला पाठ. चोरदरवाज्याच्या खालच्या टप्प्यावर एका मुलाचा पाय घसरला आणि तो पंधरा फूट खालीं गेला. झुडपांत अडकला म्हणून वांचला. मांडीचें हाड मोडलें. त्याला झोळी करून खालीं आणण्यास पांच तास लागले, आणि झोळी धरणाऱ्यांत तेच म्हातारे पुढें होते. ते मला एका शब्दानेंहि बोलले नाहींत. तो मुलगा आज चाळिशीकडे झुकला आहे. थंडींत पाय दुखतो असें भेटला म्हणजे हंसून सांगतो. मला मात्र हंसतां येत नाहीं.

तेव्हां नातीच्या यादीकडे पाहतांना मीं एकच कसोटी मनाशीं ठरविली. ज्या गांवांत ‘आज नको’ असें सांगणारीं जाणतीं माणसें आहेत तें गांव बरें. देखावा, हॉटेल आणि उंची हीं मागाहून.

अशीं माणसें कोठें असतात? जेथें डोंगर हा दोन पिढ्या शिकविण्याचा विषय झाला आहे तेथें तीं असण्याचा संभव अधिक. १९५३ सालीं तेनझिंग नोर्गे व हिलरी एव्हरेस्टवर पोहोंचले आणि दुसऱ्याच वर्षीं दार्जिलिंग येथें हिमालयन गिर्यारोहण संस्था निघाली. तेनझिंग स्वतः तेथें प्रत्यक्ष शिक्षणाचे प्रमुख झाले. मनालीची संस्था १९६१ ची. तिला आज अटलबिहारी वाजपेयी यांचें नांव आहे. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ ची. १९८४ सालीं एव्हरेस्टवर गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्री बचेंद्री पाल यांनीं तेथेंच शिक्षण घेतलें. अशा संस्थेंतून वर्षानुवर्षें आजूबाजूच्या खेड्यांतले तरुण शिकून बाहेर पडतात. दोर कसा बांधावा, बर्फ केव्हां धोक्याचें होतें, आजारी माणूस खालीं कसा आणावा, हें ज्ञान हळूहळू गांवांत मुरतें. अर्थात् ज्ञान म्हणजे अभयपत्र नव्हें. ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं उत्तरकाशीच्या याच संस्थेचें शिक्षणपथक ‘द्रौपदी का डांडा’ या शिखरावर हिमप्रपातांत सांपडलें आणि पंचविसाहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. जाणत्यांची ही गत, तर अजाणत्यांनीं किती जपावें!

या तिघांत आम्हीं मनाली निवडलें. कारणें घरगुती होतीं. चंदिगडपर्यंत आगगाडी, पुढें सुमारें तीनशें किलोमीटर मोटारीचा रस्ता. आजीला पाहण्यासारखें पुष्कळ: देवदारांच्या राईंत १५५३ सालीं बांधलेलें हिडिंबेचें लांकडी मंदिर, नदीपलीकडे वसिष्ठ गांवांतलीं ऊन पाण्याचीं कुंडें. भीमाची ही राक्षसकुळांतली बायको तेथें देवता होऊन बसली आहे, हें पाहून आमच्या कुटुंबाला विलक्षण समाधान झालें. ‘‘सुनेला कुठें तरी मान मिळाला,’’ असें ती म्हणाली. आणि नातीला हवें तें सारें गांवाच्या आसपास: सोलंगचें पठार, बियास नदी, वरच्या कुरणांकडे जाणाऱ्या वाटा.

मला स्वतःला त्या गांवानें एक देणगी दिली, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. रोहतांगची खिंड १३,००० फुटांवर. पूर्वीं पलीकडच्या लाहूल खोऱ्यांत जावयाचें तर ती ओलांडावी लागे आणि हिंवाळ्यांत बर्फानें ती बंद होई. २०२० सालच्या ऑक्टोबरांत डोंगराच्या पोटांतून ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला. आम्ही मोटारीनें त्यांत शिरलों तेव्हां मागें देवदारांचें हिरवें रान होतें, ओढे वाहत होते, आणि आभाळ भरलेलें होतें. पंधरा मिनिटांत पलीकडे निघालों तों कोरडें ऊन, उघडे तपकिरी डोंगर, आणि नदीकांठीं तेवढी हिरवी रेघ. पावसाळी वाऱ्यांना पीर पंजाल रांग अडविते, म्हणून हा फरक. महाबळेश्वरला धो-धो पाऊस आणि माणदेशांत दुष्काळ, हा पर्जन्यछायेचा धडा मीं तीस वर्षें फळ्यावर खडूनें काढला. तो असा पडदा सरकल्याप्रमाणें डोळ्यांपुढें कधीं आला नव्हता. मीं गाडी थांबवावयास लावली. चालकाला वाटलें, म्हाताऱ्याला मळमळतें आहे.

मनाली निर्दोष आहे असें मात्र कोणीं समजूं नये. मे-जून महिन्यांत मोटारींची रांग लागते, माल रोडवर खांद्याला खांदा घासतो, आणि ओढ्याच्या कडेला प्लास्टिकच्या पिशव्या पाहून मन खिन्न होतें. रोहतांगवर रोज ठराविक मोटारींनाच परवाना मिळतो. तो आधीं काढावा लागतो. जुलै-ऑगस्ट तर वर्ज्यच समजावे. २०२३ च्या जुलैंत बियासला आलेल्या पुरानें रस्त्याचे तुकडेच्या तुकडे वाहून गेले आणि हजारों प्रवासी अडकून पडले. ज्यांना शाळेची अडचण नाहीं त्यांनीं सप्टेंबरचा शेवट व ऑक्टोबर पहावा. त्या दिवसांत आभाळ निवळतें आणि सफरचंदें उतरलेलीं असतात.

नदीविषयीं थोडें अधिक बोलतों, कारण डोंगराची भीति सर्वांना असते, पाण्याची कोणाला वाटत नाहीं. बियास म्हणजे आपल्या पुराणांतली विपाशा. पुत्रशोकानें व्याकुळ झालेल्या वसिष्ठांनीं स्वतःला पाशांनीं बांधून तिच्यांत उडी घेतली आणि तिनें ते पाश सोडवून त्यांना कांठावर आणलें, अशी महाभारतांतली कथा. कथेंतली नदी दयाळू आहे. प्रत्यक्षांतली तिच्या नियमानें चालते. हिमालयांतल्या ओढ्यांना पहांटे पाणी कमी असतें आणि दुपारनंतर वाढतें, कारण दिवसा उन्हानें वितळलेलें बर्फ खालीं पोहोंचण्यास कांहीं तास लागतात. सकाळीं घोट्याइतक्या पाण्यांतून गेलेला मनुष्य चार वाजतां परत येतो तों तेंच पाणी मांडीइतकें झालेलें असतें. आणि जेथें वर धरण आहे तेथें तर आभाळ स्वच्छ असतांनाहि पाणी एकाएकीं चढतें. ८ जून २०१४ रोजीं मंडी जिल्ह्यांत थलौट गांवाजवळ हैदराबादचे २४ विद्यार्थी असेच वाहून गेले. वरच्या लार्जी धरणांतून पाणी सोडण्यांत आलें होतें. तीं मुलें कोणतेंहि साहस करीत नव्हतीं. खडकावर उभें राहून छायाचित्रें घेत होतीं. राफ्टिंगच्या तराफ्यावर निदान अंगांत तरंगणारें जाकीट असतें आणि वल्हें मारणारा नदी ओळखतो; कांठावरच्या खडकावर कोणीच नसतें.

हवेंतल्या खेळाचेंहि तसेंच. कांगडा जिल्ह्यांतलें बीर-बिलिंग हें पॅराग्लायडिंगचें नांवाजलेलें ठिकाण. २०१५ सालीं तेथें या खेळाची विश्वचषक स्पर्धा झाली. मनालीजवळ सोलंगलाहि नवख्यांना चालकाबरोबर उडतां येतें. हिमाचल सरकारनें यासाठीं परवाने ठेवले आहेत, आणि दरवर्षीं १५ जुलै ते १५ सप्टेंबर राफ्टिंग व पॅराग्लायडिंग दोन्ही बंद असतात. या तारखांत कोणी ‘तुमच्यासाठीं म्हणून’ उडविण्यास तयार झाला, तर त्याच्यापासून दूर व्हावें. २०२२ च्या डिसेंबरांत महाराष्ट्रांतून गेलेला एक तरुण प्रवासी कुलू खोऱ्यांत असाच उडत असतां खालीं पडून मरण पावला. नातीला उडावयाचें होतें. तिच्या वडिलांनीं चालकाचा परवाना पाहिला, पट्टे स्वतः ओढून पाहिले, शिरस्त्राण तपासलें. चालक जरा चिडला. पण वारा उलटा फिरल्यावर त्यानें स्वतःच अर्धा तास कोणालाहि उडूं दिलें नाहीं, तेव्हां माझा जीव खालीं पडला. आमच्या मागच्या रांगेंतले लोक त्याच्याशीं भांडत होते.

आतां मुख्य गोष्ट. नातीचा खरा हट्ट होता बियासकुंडाचा. सोलंगच्या वर धुंडी म्हणून जागा आहे. तेथून बर्फाच्या शिखरांच्या पोटांत, सुमारें बारा हजार फुटांवर, हें लहानसें तळें आहे. वाटेंत बकरथाच नांवाचें कुरण. तेथें रात्रीं तंबू ठोकतात. तिकडे ‘थाच’ म्हणजे मेंढपाळांच्या मुक्कामाचें कुरण. मी बाजारांत तीन ठिकाणीं चौकशी केली. पहिल्या दुकानदारानें कुंड दाखविण्याची शंभर टक्के हमी दिली. दुसऱ्यानें त्याहून कमी पैशांत तीच हमी दिली. तिसरा पन्नाशीचा मनुष्य होता. त्यानें किंमत सांगण्याआधीं नातीलाच विचारलें: गेले दोन दिवस कोठें निजलीस? डोंगर चढावयाची संवय आहे का? कोणतें औषध चालू आहे? आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘मास्टरजी, अजून दोन दिवस इथेंच फिरूं द्या तिला, मग पाहूं. आणि मीं परत फिर म्हटलें तर फिरावें लागेल. पैसे मात्र परत मिळणार नाहींत.’’ हें तो हिंदींत बोलला, पण मला त्यांत गुंजवण्याच्या ओट्यावरचा आवाज ऐकूं आला. मीं तेथेंच पैसे मोजले.

सहा जणांच्या तुकडींतून नात गेली. बरोबर तो वाटाड्या आणि त्याचे दोन मदतनीस. दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही तिच्या येण्याची वाट पाहत बसलों होतों ती संध्याकाळची. ती आली दोन वाजतां. तोंड उतरलेलें. मागें वाटाड्या तिची पिशवी घेऊन. रात्रीं कुरणावर तिचें डोकें दुखूं लागलें होतें आणि तिनें तें लपविलें होतें. सकाळीं तिला चहा नको झाला, एवढ्यावरून त्यानें ओळखलें. कुंड तेथून तीन तासांवर. बाकीच्यांना मदतनिसांबरोबर वर पाठवून तो स्वतः तिला घेऊन खालीं उतरला. धुंडीला येईपर्यंत डोकें थांबलें होतें, आणि तेंच तिला अधिक झोंबलें. ‘‘आजोबा, मी ठीक होतें! पांच जण गेले आणि मी एकटी परत!’’ असें म्हणून ती पांघरूण घेऊन निजली.

संध्याकाळीं मीं तिला बाजारांत नेलें. माल रोडवर दिवे लागले होते, कोठें तरी ढोल वाजत होता, आणि थुक्प्याच्या वाटींतून वाफ निघत होती. तिला बरें वाटावें म्हणून मीं शिकंदराची हकीकत काढली. इसवी सनापूर्वीं ३२६ मध्यें जग जिंकीत आलेल्या त्याच्या सैन्यानें पुढें जाण्याचें नाकारलें तें याच बियासच्या कांठीं, खालीं पंजाबांत. तेव्हां येथून माघारी फिरणारी तूं पहिली नव्हेस. ती म्हणाली, ‘‘आजोबा, इतिहास नको आतां.’’ मग मीं तिला राजगडाची गोष्ट सांगितली. आपणांस जी मघाशीं सांगितली तीच. ती घरांत मीं कधींच कोणाला सांगितली नव्हती, तिच्या आजीलाहि नाहीं. तिनें वाटी खालीं ठेवली. थोड्या वेळानें विचारलें, ‘‘त्या म्हाताऱ्यांना तुम्ही नंतर भेटलां?’’ मीं म्हटलें, दोन वर्षांनीं गेलों होतों, तोंवर ते वारले होते. त्यावर ती कांहीं बोलली नाहीं. परततांना तिनें त्या वाटाड्याचें दुकान पुन्हां गांठलें. तो शटर ओढीत होता. काय बोलणें झालें तें मला कळलें नाहीं. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतों. पण तो हंसला आणि त्यानें बोटांवर महिने मोजून दाखविले.

आतां ती महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षांत आहे. गेलीं दोन वर्षें दर रविवारीं पहांटे सिंहगड चढते. बर्फासाठीं घेतलेले बूट तिनें वर्तमानपत्रांत गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. यंदा सप्टेंबरच्या शेवटीं जावयाचें म्हणते. त्यासाठीं आठ दिवस कॉलेज बुडवावें लागेल, म्हणून परवानगी मागते आहे. मीं ती अजून दिलेली नाहीं. चंदिगडच्या गाडीच्या वेळा तेवढ्या पाहून ठेवल्या आहेत.